रंगामागचा कारभार

भातावरच्या करप्यासाठी कृषी सेवा केंद्रातून ट्रायसायक्लॅझोलची पुडी आणणाऱ्या शेतकऱ्याला कुणी सांगितले, की हे औषध बुरशी मारतच नाही, तर तो पुडी घेऊन दुकानदाराशी भांडायला जाईल. पण गोष्ट खरी आहे. करप्याची बुरशी प्रयोगशाळेत बशीत वाढवावी, तिच्या खाद्यात थोडेसे ट्रायसायक्लॅझोल मिसळावे. बुरशी जवळजवळ नेहमीच्याच वेगाने पसरत राहते. फक्त करड्या-काळ्या वसाहतीऐवजी तांबूस-तपकिरी वसाहत दिसू लागते. औषधाने तिचा काळा रंग तेवढा काढून घेतलेला असतो, आणि भात वाचायला तेवढे पुरते. काळा रंग गमावलेली ही बुरशी पानावर पडली, रुजली, तरी धडधाकट पानाच्या आत शिरू शकत नाही.

एका रंगावर पीक राहणार की जाणार हे ठरत असेल, तर तो रंग बुरशी केव्हा बनवते, अंगाच्या कोणत्या भागात बनवते, किती बनवते, आणि हे सगळे ठरवते कोण? हे पुस्तक या प्रश्नांभोवती लिहिले आहे. वनस्पतिरोगशास्त्राच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमात रंगद्रव्ये भेटतात, पण सुटी सुटी भेटतात: एक परिच्छेद मेलॅनिनवर, एक सर्कोस्पोरिनवर, फ्युजारियमच्या प्रकरणात एखादी ओळ. त्यांना जोडणारा धागा जनुकांच्या नियंत्रणाचा आहे. रंग बनवणारी जनुके अनेक बुरश्यांत बरीचशी सारखी असतात. त्या जनुकांना हुकूम कुठून येतो, यात मात्र बुरशीबुरशीत जमीनअस्मानाचा फरक पडतो, आणि रोगाचे वागणे बऱ्याचदा तिथे ठरते.

सुरुवातीलाच एक खबरदारी. रोगट झाडावर दिसणारा प्रत्येक रंग बुरशीचा नसतो. उसावरची लाल कूज १८९३ साली जावामध्ये वेंट यांनी पहिल्यांदा नोंदवली. रोगट ऊस उभा चिरला की आत लालभडक गाभा आणि त्यात आडवे पांढरे पट्टे दिसतात. तो लाल रंग मुख्यतः उसाचाच असतो. हल्ला झाल्यावर उसाच्या पेशी बचावासाठी जी संयुगे बनवतात, त्यांचा तो रंग. रोग करणारी कोलेटोट्रायकम फाल्केटम ही बुरशी स्वतः पांढरट ते गडद करडी असते. उलट गव्हावरच्या तांबेऱ्याची नारिंगी भुकटी ही बुरशीच्या बीजाणूंची, आणि तिचा रंग बुरशीने स्वतः बनवलेल्या कॅरोटिनॉइडांचा. रब्बी ज्वारीच्या खडखड्यात ताटाचा खालचा भाग फोडला तर आत कोळशाची पूड भरल्यासारखे काळे कण दिसतात, तेही बुरशीचेच. या पुस्तकात विचार होतो तो या दुसऱ्या प्रकारच्या रंगांचा.

काळ्या रंगापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्याचे काम सर्वांत स्पष्टपणे कळलेले आहे. करप्याच्या बुरशीचा, म्हणजे मॅग्नापोर्थे ओरायझीचा, तीन पेशींचा बीजाणू ओल्या पानावर पडतो आणि काही तासांत त्याला एक नाजूक नळी फुटते. नळीचे टोक पानाला चिकटून फुगते आणि तिथे घुमटाच्या आकाराची एक पेशी तयार होते. तिला अ‍ॅप्रेसोरियम म्हणतात. या पेशीच्या भिंतीत आतल्या बाजूने मेलॅनिनचा दाट थर बसतो. त्यातून पाणी जाऊ शकते, पण ग्लिसरॉलचा त्याहून मोठा रेणू सहजी जाऊ शकत नाही. बुरशी आत ग्लिसरॉल साठवत जाते; १९९७ साली मोजले गेले तेव्हा त्याची तीव्रता ३ मोलरहून अधिक भरली. ग्लिसरॉल आत कोंडलेले, म्हणून बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि दाब चढत जातो. ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेतील रिचर्ड हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली हा दाब ८ मेगापास्कलपर्यंत जात असल्याचे दाखवले. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या साधारण चाळीसपट. पेशीच्या तळाशी, पानाला टेकलेल्या भागात, मेलॅनिन नसते. तेवढ्या उघड्या गोलातून एक बारीक खुंटी हा सारा दाब घेऊन पानाच्या कठीण त्वचेत घुसते. हॉवर्ड यांच्या प्रयोगात पानाच्या जागी मायलार प्लॅस्टिकचा पापुद्रा ठेवला होता, बुरशीने तोही भेदला.

मेलॅनिन नसेल तर ग्लिसरॉल गळते, दाब धरला जात नाही आणि खुंटीला जोर मिळत नाही. हे जनुकांच्या पातळीवर नेमके मांडले ते फॉरेस्ट चमली आणि बार्बरा व्हॅलेंट यांनी १९९० साली. त्यांनी या बुरशीचे रंग बिघडलेले उत्परिवर्तित वाण गोळा केले. त्यांचे तीन गट पडले. पहिला पांढरा, दुसरा गुलाबीसर, तिसरा फिकट बदामी. तिन्ही गटांत एकेकच जनुक बिघडलेले होते, आणि ही तीन जनुके एकमेकांपासून दूर होती. तिन्ही प्रकारांनी धडधाकट भाताच्या पानावर रोग केला नाही. पानाची त्वचा खरवडून दिली की मात्र तेच वाण आत शिरून व्यवस्थित वाढले. म्हणजे बुरशीची भूक, तिची वाढ, पानाच्या आत पसरण्याची ताकद सगळी शाबूत होती. अडले होते ते फक्त दारावर.

या तीन रंगांकडे जरा जवळून पाहावे, कारण रसायनाचा सगळा रस्ता त्यांतून दिसतो. मेलॅनिन बनवण्याची सुरुवात अगदी साध्या मालापासून होते. पॉलिकेटाइड सिंथेज नावाचे मोठे विकर अ‍ॅसिटेटचे छोटे तुकडे एकापुढे एक जोडून नॅप्थलिनच्या घराण्यातला एक सांगाडा तयार करते. पुढे त्या सांगाड्याचे क्षपण होते, त्यातून पाण्याचा एक रेणू निघतो, पुन्हा क्षपण होते, पुन्हा पाणी निघते. शेवटी उरते ते डायहायड्रॉक्सिनॅप्थलिन, आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफले की काळे मेलॅनिन तयार होते. पहिलेच विकर बिघडले तर सांगाडाच बनत नाही, म्हणून वसाहत पांढरी. पाणी काढणारे विकर बिघडले तर मधला माल साचतो आणि वसाहत गुलाबीसर होते. क्षपण करणारे विकर बिघडले तर साचलेला माल हवेशी संयोग पावून बदामी-तपकिरी होतो. ट्रायसायक्लॅझोल हेच क्षपण अडवते. म्हणून औषध घातलेल्या बशीतील वसाहत तिसऱ्या गटाच्या वाणासारखी दिसते.

औषधांचा इतिहासही याच रस्त्यावर घडला. जपानमध्ये कारप्रोपामिड हे औषध पाणी काढणाऱ्या विकराला अडवण्यासाठी आले. २००१ साली क्यूशू बेटावर ते निष्प्रभ ठरू लागल्याचे आढळले. त्या विकराच्या साखळीत ७५व्या जागी व्हॅलीनऐवजी मेथिओनीन आले होते. एका अमिनो आम्लाच्या बदलाने औषधाची पकड सुटली. ट्रायसायक्लॅझोलला शेतात तशी दाद न देणारी बुरशी उभी राहिली नाही, पण त्याच्यापुढे वेगळीच अडचण आली. युरोपीय संघाने २०१७ साली तांदळातील त्याच्या अवशेषाची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली आणि बासमतीच्या निर्यातदारांची झोप उडाली. रंगाचे रसायन असे शेतातून थेट बंदरापर्यंत पोचते.

इथवर जी माहिती आली, ती रंग कसा बनतो याची. तो केव्हा आणि कुठे बनतो, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे पहिले ठळक उत्तर काकडीवर्गीय पिकांवर रोग करणाऱ्या कोलेटोट्रायकमने दिले. २००० साली सीएमआर१ नावाचे एक नियामक प्रथिन सापडल्याचे प्रसिद्ध झाले. हे प्रथिन स्वतः रंग बनवत नाही. ते डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि रंगाची जनुके चालू करते. करप्याच्या बुरशीतही त्याचे भावंड सापडले. त्याचे नाव पिग१. सरळ अपेक्षा अशी, की कोलेटोट्रायकममधले सीएमआर१चे जनुक काढून टाकले तर बुरशी पांढरी पडेल आणि रोगही करणार नाही. तंतू खरोखरच फिकट पडले. पण अ‍ॅप्रेसोरियम पूर्वीसारखेच काळे झाले, आणि रोगही पूर्वीसारखाच झाला.

या एका निरीक्षणात या पुस्तकाचा बराचसा आशय सामावला आहे. तंतूतले मेलॅनिन आणि अ‍ॅप्रेसोरियममधले मेलॅनिन एकच; ते बनवणारी विकरेही तीच. पण तंतूत त्या जनुकांना हुकूम देणारा वेगळा आणि अ‍ॅप्रेसोरियममध्ये वेगळा. सीएमआर१ गेले तरी पानावर उतरलेल्या बीजाणूला दुसरीकडून हुकूम मिळतो. त्या दुसऱ्या वाटेवर पानाचा स्पर्श, त्याचा कठीणपणा, मेणचट पृष्ठभाग अशा खुणा पेशीच्या आत पोचवणारी प्रथिनांची साखळी आहे. करप्याच्या बुरशीत तिच्यातला एक प्रमुख दुवा, पीएमके१ हे किनेज, शू आणि हॅमर यांनी १९९६ साली दाखवला. तो तुटला की अ‍ॅप्रेसोरियमच बनत नाही. बशीत वाढलेली बुरशी पाहून तिच्या रोगाविषयी अंदाज बांधणे धोक्याचे का, हे यावरून लक्षात यावे. बशीत दिसतो तो तंतूंचा रंग. पिकाला नडतो तो अ‍ॅप्रेसोरियमचा.

द्राक्षावर आणि स्ट्रॉबेरीवर राखाडी बुरशी आणणाऱ्या बोट्रायटिस सिनेरियाने हीच वाटणी आणखी पुढे नेली आहे. तिच्याकडे सुरुवातीचा सांगाडा बनवणारी जनुकेच दोन आहेत. एक उजेडात बनणाऱ्या बीजाणूंसाठी, दुसरे अंधारात बनणाऱ्या काळ्या टणक गाठींसाठी. दोन्ही ठिकाणी शेवटी मेलॅनिनच तयार होते. मात्र एक जनुक बंद केले तर बीजाणू फिके पडतात आणि गाठी काळ्याच राहतात. दुसरे बंद केले तर याच्या उलट. यूलिया शूमाखर यांनी २०१६ साली हे मांडले तेव्हा एक आश्चर्यही समोर आले: मेलॅनिन गमावलेले वाण रोग करण्यात मागे पडले नाहीत. बोट्रायटिस पान फोडण्यासाठी दाबापेक्षा विकरांवर आणि विषांवर अधिक विसंबते. तिच्या काळ्या रंगाचा उपयोग रोग करण्यापेक्षा तगून राहण्यासाठी आहे.

मेलॅनिन म्हणजे हल्ल्याचे हत्यार, असे समीकरण डोक्यात घट्ट बसलेले असेल तर ते सैल करावे लागते. अल्टरनेरिया अल्टरनाटामध्ये मेलॅनिन बनवणारी तीन जनुके करप्याच्या बुरशीसारखी विखुरलेली नसून डीएनएच्या सुमारे ३० हजार अक्षरांच्या पट्ट्यात जवळजवळ आहेत. पण ती बिघडवली तरी ही बुरशी रोग करतेच. फिके बीजाणू उन्हाला कमी टिकतात, एवढेच. खडखड्याच्या मॅक्रोफोमिनाचे काळे कण दुष्काळी जमिनीत पुढच्या हंगामाची वाट पाहत पडून राहतात. सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू रानात, जिथे पोटरीपासून पुढे ज्वारीला ओल कमी पडते, तिथे या टिकाऊपणाला हल्ल्याइतकेच महत्त्व आहे.

रंग हेच विष असण्याचे उदाहरण सर्कोस्पोरा देते. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनची रास उघडल्यावर अधूनमधून जांभळे डाग पडलेले दाणे दिसतात. ते सर्कोस्पोरा किकुचीचे काम. या बुरशीतून कुयामा आणि तामुरा यांनी १९५७ साली सर्कोस्पोरिन हे लाल रंगद्रव्य वेगळे केले. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मार्गारेट डौब यांनी दाखवले, की ते उजेडाशिवाय निरुपद्रवी आहे. उजेड पडला की ते त्याची ऊर्जा शोषते, ती हवेतल्या ऑक्सिजनला देते आणि त्या खवळलेल्या ऑक्सिजनने पानाच्या पेशींची पटले फाटतात. आतला रस बाहेर येतो आणि बुरशीला जेवण मिळते.

अशा रंगावर नियंत्रण ढिले ठेवून चालत नाही. सर्कोस्पोरिनची जनुके गुणसूत्रावर एका ठिकाणी जमलेली आहेत; त्यांच्यातच एक नियामक जनुक आहे आणि विष पेशीबाहेर नेणाऱ्या वाहकाचेही. उजेड असेल तर ही जनुके जोमाने चालतात, अंधारात मंदावतात. ज्या उजेडात विष चालते, त्याच उजेडात ते बनते. फुकट खर्च नाही. स्वतःच्या विषाने स्वतःच मरू नये यासाठी बुरशी त्याला पेशीत असताना निष्क्रिय रूपात ठेवते. विष, त्याचा वाहक, त्याच्यापासून बचाव आणि त्या सगळ्यांवरचा अंमल एकाच आवारात असल्याने हा संपूर्ण गठ्ठा एका बुरशीतून दुसरीत जाऊ शकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचांच्या तुलनेत तो कोलेटोट्रायकमच्या काही जातींतही सापडला.

फ्युजारियमचे रंग आणखी वेगळ्या खुणांवर चालतात. भाताची रोपे अवाजवी उंच वाढवणाऱ्या फ्युजारियम फुजिकुरोईमध्ये बिकाव्हेरिन हे लाल रंगद्रव्य सहा जनुकांच्या जथ्यातून बनते. माध्यम आम्लधर्मी असेल आणि नायट्रोजन संपत आला असेल, तर हा जथा जागा होतो. भरपूर नायट्रोजन घातला की वसाहत फिकी राहते. तीच बुरशी उजेडात ठेवली तर कॅरोटिनॉइडांमुळे नारिंगी होते. म्हणजे एकाच बुरशीचा रंग तिला काय खायला दिले, माध्यमाचा सामू किती आणि बशी कपाटात होती की खिडकीशी, यांवर बदलतो. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांत वसाहतीचा रंग लिहिलेला असतो, पण या तीन गोष्टी त्यासोबत नोंदवलेल्या नसतात. मग त्या नोंदीचा दुसऱ्या कुणाला उपयोग होत नाही.

गव्हाच्या ओंबीवर रोग करणाऱ्या फ्युजारियम ग्रॅमिनेअरमने नियंत्रणाचा आणखी एक मजला दाखवला. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा असतात. त्यांतली एक खूण त्या पट्ट्यातील जनुकांना गप्प ठेवते. ही खूण लावणारे विकर मायकेल फ्रायटाग यांच्या गटाने २०१३ साली काढून टाकले, तेव्हा एरवी झोपलेले रंगद्रव्यांचे जथे जागे झाले आणि वसाहतींना गडद रंग चढला. रंगाच्या जनुकांत काहीही बदल झालेला नव्हता. फक्त त्यांच्यावरचे दडपण गेले होते.

नियंत्रण बदलले की जाती कशा बदलत जातात, याचे सर्वांत बोलके उदाहरण गव्हावरच्या झायमोसेप्टोरिया ट्रिटिसायचे आहे. स्वित्झर्लंडमधील शेतांतून आणलेल्या दोन वाणांपैकी एक लवकर काळा पडे, दुसरा बराच काळ फिका राही. ज्यूरिखच्या संशोधकांनी दोघांची संतती तपासून फरकाचा माग झेडएमआर१ या जनुकापर्यंत नेला. हे सीएमआर१चेच भावंड. गंमत अशी, की फरकाचे मुख्य कारण जनुकाच्या मजकुरात नव्हते. फिक्या वाणात जनुकाच्या अलीकडे, जिथून ते चालू होते त्या भागात, उड्या मारत फिरणारे डीएनएचे तुकडे येऊन बसले होते. सगळे मिळून सुमारे ३० हजार अक्षरे. त्यांनी जनुकाचा आवाज दाबून टाकला होता. २०१८ साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या रंगाची किंमतही मोजलेली होती. काळा वाण सावकाश वाढतो, पण एका बुरशीनाशकाला अधिक तग धरतो. फवारणी नसलेल्या रानात फिक्याचा फायदा, फवारणीच्या रानात काळ्याचा. औषधाची निवड बुरशीच्या जनुकांपुढची कोणती ओळ टिकणार हेही ठरवत असते, असा याचा अर्थ.

रंग गडद तर रोग तीव्र, या समजुतीला आपल्या देशातच जुना अपवाद आहे. लाल कुजीच्या बुरशीचे फिके आणि गडद असे दोन ढंग आपल्याकडच्या ऊस संशोधकांनी फार पूर्वी ओळखले होते, आणि त्यांत भरपूर बीजाणू देणारा फिका ढंग अधिक घातक निघाला. रंग आणि घातकता यांचे नाते प्रत्येक बुरशीत नव्याने तपासावे लागते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात मेलॅनिनचे रसायन आणि अ‍ॅप्रेसोरियम, दुसऱ्यात उजेडावर चालणारी विषारी रंगद्रव्ये, तिसऱ्यात फ्युजारियम, आणि शेवटच्या भागात हिस्टोनवरच्या खुणा, फिरते डीएनए आणि औषधांना होणारा प्रतिकार. रसायनाच्या सूत्रांचा धाक वाटणाऱ्यांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी बिघडत नाही. पहिल्याकडे नंतर वळता येईल. कुठलाही रंग भेटला की चार प्रश्न विचारत पुढे जावे: तो बुरशीचा आहे की झाडाचा, बुरशीच्या कोणत्या अवयवात आहे, कोणत्या खुणेवर तो चालू होतो, आणि तो नसेल तर बुरशीचे नेमके काय अडते.

नियामक जनुके कळली म्हणून उद्या त्यांच्यावर औषधे येतील, असे आश्वासन मी देणार नाही. एक नियामक पुष्कळ कामे सांभाळतो आणि एका कामाला अनेक नियामक असतात. सीएमआर१ने ते स्वच्छ दाखवले आहे. पण आज हातात असलेली साधने शहाणपणाने वापरायला हे ज्ञान पुरेसे आहे. ट्रायसायक्लॅझोल बुरशी मारत नाही, तिला फक्त दारावर अडवते, हे ज्याला समजले तो ते करपा दिसण्याआधी फवारतो. पान करपल्यावर फवारणाऱ्याचे पैसे वाया जातात, कारण तोवर बुरशी आत असते आणि आत गेल्यावर तिला त्या काळ्या रंगाची गरज उरलेली नसते. इगतपुरीच्या किंवा भंडाऱ्याच्या भातशेतकऱ्याला एवढी एक गोष्ट पटवून देणारा कृषी सहायक या पुस्तकातून तयार झाला, तर जनुकशास्त्राची ही सगळी खटपट कामी आली असे मी म्हणेन.